खताचा काटेकोर तोल आणि त्याचा खर्च

शेतात खत टाकण्याचे काम वरकरणी अगदी साधे दिसते. घमेले कमरेवर घ्यावे आणि मुठीमुठीने खत फोकीत जावे, एवढेच ते काम, अशी आपली समजूत असते. परंतु अलीकडे या साध्या कामासाठी फार हुशार यंत्रे निघाली आहेत. ती उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा ओळखतात, ट्रॅक्टरचा वेग पाहून खताची धार कमीजास्त करतात, आणि शेताच्या कोणत्या तुकड्याला किती खत हवे हे नकाशावरून जाणून तेवढेच टाकतात. या पद्धतीला काटेकोर शेती असे नाव मिळाले आहे. हा काटेकोरपणा फुकट मात्र मिळत नाही. त्याच्यासाठी जो पैसा मोजावा लागतो तो वसूल होतो काय? बडोद्याच्या परिसरातील शेती डोळ्यांपुढे ठेवून आज आपण या प्रश्नाचा विचार करू.

बडोद्याला खताचा विषय परका नाही. शहराच्या वायव्येस बाजव्याजवळ फर्टिलायझरनगर ही वसाहत आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनीच्या कारखान्यातून १९६७ साली तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे उत्तरेस कलोल आणि दक्षिणेस भरूच येथेही युरियाचे कारखाने उभे राहिले. कारखाने उभे राहिले त्या काळी शेतकऱ्यापुढे प्रश्न होता तो खत मिळेल कसे, हा. आज हंगामात कधीमधी टंचाई भासत असली, तरी मुख्य प्रश्न बदलला आहे. खत किती टाकावे, कोठे टाकावे आणि केव्हा टाकावे, हा तो नवा प्रश्न होय.

प्रथम खत पसरणारे यंत्र काम कसे करते ते पाहू. वर खताची पेटी असते. पेटीच्या तळाशी एक झडप असते, आणि झडपेखाली वेगाने फिरणारी एक किंवा दोन तबकड्या असतात. झडपेतून पडलेले दाणे तबकडीवरील पात्यांना लागून दूर फेकले जातात. हे फेकणे सर्वत्र सारखे नसते. यंत्राच्या मागे मधोमध खत जास्त पडते आणि दोन्ही कडांकडे ते विरळ होत जाते. म्हणून ट्रॅक्टरची दुसरी फेरी पहिल्या फेरीच्या कडेवर थोडी चढवावी लागते. फेऱ्यांमधील अंतर चुकले, की शेतात पट्टे उमटतात. एका पट्ट्यात पीक काळेभोर हिरवे, तर शेजारच्या पट्ट्यात पिवळट, असे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. युरियाचा दाणा हलका, डीएपीचा त्याहून जड. दोन्ही मिसळून टाकली तर जड दाणा लांब जातो आणि हलका जवळच पडतो. वारा सुटला तर आणखी गोंधळ होतो. शिवाय झडप तेवढीच उघडी ठेवून ट्रॅक्टरचा वेग निम्मा केला, तर त्या जागी खत दुप्पट पडते. बांधाजवळ वळण घेताना नेमके हेच घडते.

या दोषांवर नव्या तंत्राने जे उपाय काढले आहेत, त्यांच्या चार पायऱ्या सांगता येतील. पहिल्या पायरीवर चाकाच्या वेगाशी झडपेची सांगड घातलेली असते, म्हणजे वेग कमी झाला की धारही कमी होते. दुसऱ्या पायरीवर उपग्रहांच्या संकेतांवरून चालकाला फेरीची रेषा दाखविली जाते, म्हणजे पट्टा सुटत नाही किंवा दोनदा पडत नाही. अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून हे तंत्र सामान्य शेतीच्या आवाक्यात येऊ लागले. तिसऱ्या पायरीवर शेताच्या कोपऱ्यात, जेथे आधीच खत पडले आहे तेथे, यंत्र आपोआप एका बाजूचा पुरवठा बंद करते. चौथी पायरी सर्वांत महागडी होय. तीत माती तपासून केलेल्या नकाशावरून, अथवा पिकावरून परावर्तित होणारा लाल व अवरक्त प्रकाश मोजून, शेताच्या प्रत्येक तुकड्याला वेगवेगळी मात्रा दिली जाते.

या पायऱ्यांची किंमत वर चढत जाते, हे उघड आहे. मग लाभही तसाच चढत जातो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी पीक आणि खत यांचे नाते समजून घेतले पाहिजे. नत्राचा पहिला हप्ता पिकाला फार मोठा लाभ देतो, दुसरा त्याहून कमी, आणि शेवटचा तर जेमतेम आपली किंमत भरून काढतो. उत्पन्नाची चढण अशी हळूहळू सपाट होत जाते. सपाट माथ्यावर उभा असलेला मनुष्य दोन पावले इकडे सरकला काय किंवा तिकडे सरकला काय, त्याची उंची फारशी बदलत नाही. त्याचप्रमाणे योग्य मात्रेच्या आसपास दहा टक्के खत कमी पडले किंवा जास्त पडले, तर उत्पन्नात फार मोठा फरक पडत नाही. परंतु एका पट्ट्यात दुप्पट आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी स्थिती झाली, तर नुकसान भारी होते. याचा अर्थ असा, की मोठी चूक दुरुस्त करण्यात पुष्कळ लाभ आहे, आणि लहान चूक आणखी लहान करण्यात थोडा. पहिल्या पायऱ्या मोठी चूक दुरुस्त करतात. शेवटची पायरी बहुधा लहान चुकीच्या मागे लागते.

आता रुपये-आण्यांच्या भाषेत बोलू. ४५ किलोची युरियाची पिशवी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीत ४६ टक्के नत्र असते. समजा, एखाद्या पिकाला हेक्टरी १५० किलो नत्र युरियातून द्यावयाचे आहे. त्यासाठी सुमारे ३२६ किलो युरिया, म्हणजे सव्वासात पिशव्या लागतील, आणि त्यांची किंमत साधारण १,९३० रुपये होईल. नव्या यंत्राने यात १५ टक्के बचत होते असे उदाहरणादाखल धरले, तर हेक्टरी बचत २९० रुपयांची झाली. दोन हेक्टरांच्या शेतकऱ्याला वर्षाकाठी ५८० रुपये वाचले. दुसऱ्या बाजूला यंत्र व त्यावरील उपकरणे मिळून ३ लाख रुपये पडली आणि ती दहा वर्षे टिकली असे मानू. व्याज आणि दुरुस्ती सोडून दिली, तरी वर्षाला ३०,००० रुपयांचा भार झाला. तेवढी रक्कम केवळ युरियाच्या बचतीतून काढावयाची तर सुमारे १०० हेक्टर जमीन त्या यंत्राखाली यावी लागेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे गुजरातमधील सरासरी जमीनधारणा १.८८ हेक्टर होती, आणि महाराष्ट्रात ती १.३४ हेक्टर होती. दोन हेक्टरांच्या धन्याने असे यंत्र कर्ज काढून विकत घेतले, तर यंत्राला काम मिळणार नाही आणि धन्याला झोप मिळणार नाही.

या हिशेबात शेतकऱ्याच्या बाजूने आणखी दोन रकमा जमेस धरणे न्याय्य ठरेल. डीएपीची ५० किलोची पिशवी अलीकडील वर्षांत १,३५० रुपयांना विकली गेली आहे, म्हणजे किलोमागे ती युरियाच्या चौपटीहून महाग आहे. तेथे वाचलेला प्रत्येक किलो खिशाला अधिक जाणवतो. दुसरे असे, की जास्त नत्राने कपाशी नुसती पाल्यावर जाते, तिच्यावर मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी अधिक येतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. भात जास्त नत्राने लोळतो. हे नुकसान खताच्या पावतीवर कधीच दिसत नाही. तरीही एकट्या लहान शेतकऱ्यापुरते पाहिले तर महागड्या यंत्राचे पारडे जड होत नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

मग युरोप-अमेरिकेतील शेतकरी ही यंत्रे का घेतात? तेथे एकेका कुटुंबाकडे शेकडो हेक्टर जमीन असते, एकाच शेतात हलकी व भारी माती शेजारी शेजारी असते, मजूर महाग असतो, आणि खताची बाजारातील पूर्ण किंमत शेतकरी स्वतः मोजतो. आपल्याकडे शेतकरी पिशवीमागे एक रुपया देतो, तेव्हा सरकारी तिजोरी तीत आणखी कित्येक रुपये घालीत असते. २०२२-२३ साली जगातील भाव भडकले होते, तेव्हा केंद्र सरकारचे खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले.

येथे या प्रश्नाचे खरे मर्म आहे. वाया गेलेल्या युरियाचा हिशेब एका वहीत मावत नाही, त्याला दोन वह्या लागतात. शेतकऱ्याच्या वहीत तो किलोमागे सहा रुपयांचा तोटा असतो. देशाच्या वहीत मात्र तो अनुदानाचा तोटा असतो, परदेशातून आणलेल्या नैसर्गिक वायूचा तोटा असतो, आणि विहिरीच्या पाण्याचाही तोटा असतो. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी आपल्याकडील मर्यादा आहे, कारण त्याचा विशेष धोका तान्ह्या मुलांना असतो. जमिनीत पाणी तुंबले तर त्याच नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्यास हातभार लावतो. तेव्हा बचतीचा मोठा वाटा जर तिजोरीला, गावच्या विहिरीला आणि हवेला मिळणार असेल, तर यंत्राचा सगळा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे रास्त नव्हे. अनुदान केवळ पिशवीवर न देता तिच्या नीट वापरावरही द्यावे, हा विचार या हिशेबातून आपोआप निघतो.

आता बडोदे जिल्ह्याची जमीन पाहू. दक्षिणेकडे कर्जण, शिनोर या भागात भरूचच्या बाजूला पसरलेल्या कानम प्रदेशातील काळी, भारी, कपाशीची जमीन आहे. उत्तरेकडे महीच्या अंगाला, सावलीच्या बाजूस, गोराडू म्हणजे हलकी रेताड पोयट्याची जमीन लागते. काळ्या जमिनीत पाणी साचले की नत्र हवेत उडते. गोराडू जमिनीत तेच नत्र पाण्याबरोबर खाली निघून जाते. म्हणजे एकाच पिशवीचे दोन ठिकाणी दोन प्रकारे नुकसान होते. एकाला निचऱ्याचा उपाय लागतो, दुसऱ्याला हप्ते वाढविण्याचा. परंतु हा फरक बहुधा एका शेताच्या पोटात नसून या तालुक्यात आणि त्या तालुक्यात, या शिवारात आणि त्या शिवारात असतो. दोन-तीन बिघ्यांच्या तुकड्यात माती कशी आहे ते धन्याला पायाखाली कळत असते. तेथे उपग्रहाने सांगण्याजोगे फारसे उरत नाही.

आणखी एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. यंत्र कितीही बारकाईने खत टाको, त्याला दिलेला नकाशा ढोबळ असेल तर त्या बारकाईचा उपयोग काय? मातीच्या तपासणीचे कार्ड देण्यास गुजरातने २००३-०४ च्या सुमारास आरंभ केला, आणि १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथून ही योजना देशभर सुरू झाली. तेव्हा सिंचनाखालील क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांमागे एक, असे मातीचे नमुने घेण्याचे ठरले होते. म्हणजे एक नमुना गुजरातमधील सरासरी धारणेपेक्षा मोठ्या क्षेत्राचा प्रतिनिधी झाला. अशा नकाशावर पावलापावलाला मात्रा बदलणारे यंत्र चालविणे म्हणजे धान्याच्या काट्यावर तोललेले सोने सोनाराच्या काट्याच्या भावाने विकण्यासारखे आहे. म्हणून काटेकोरपणाची सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर मातीच्या नमुन्यापासून झाली पाहिजे. नमुना शेताच्या पाच-सहा जागांहून घ्यावा. बांधाजवळची, उकिरड्याखालची किंवा झाडाखालची माती त्यात मिसळू नये.

त्यानंतर विचार येतो तो जागेचा आणि वेळेचा. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही, ज्या जागी पडला तेथेच तो बसून राहतो. म्हणून तो फोकण्यापेक्षा पेरून दिला, मुळांच्या वाटेवर दिला, तर त्याच मात्रेत अधिक काम होते. युरिया ओल्या जमिनीवर उघडा पडून राहिला, की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. तो मातीआड केला, किंवा टाकल्यावर लगेच हलके पाणी दिले, तर हे नुकसान पुष्कळ टळते. आपल्या जुन्या पाभरीमागे किंवा तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणारी बाई बी सारख्या अंतराने सोडीत असे, आणि दाणा नळ्यातून थेट सरीत जात असे. बी आणि खत बरोबर पेरणारे ट्रॅक्टरचे यंत्र हे त्याच तत्त्वाचे पुढचे रूप होय. उपग्रह न वापरताही त्याने साधलेला नेमकेपणा मोठा असतो, आणि त्याचा खर्च आटोक्यातला असतो.

वेळेसाठीही स्वस्त साधने आहेत. भाताच्या पानाचा हिरवेपणा रंगीत पट्ट्यांशी ताडून पाहण्याचा एक तक्ता मिळतो. पान ठरलेल्या पट्टीपेक्षा फिके दिसले तरच वरखत द्यावे, नाहीतर थांबावे, असा त्याचा सोपा नियम आहे. प्रकाश मोजणारी महागडी उपकरणे मूलतः हेच काम अधिक सूक्ष्मतेने करतात. ज्यांच्याकडे साधे पसरणी यंत्र आहे, त्यांनी हंगामापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. मोकळ्या जागेत ट्रॅक्टरच्या वाटेवर आडव्या रांगेत सारख्या आकाराच्या पसरट पाट्या ठेवाव्यात, चाकांपुरती जागा सोडावी, नेहमीच्या वेगाने यंत्र त्यांवरून न्यावे, आणि प्रत्येक पाटीत पडलेले खत तोलावे. कडेच्या पाट्यांत मधल्या पाटीच्या निम्मे खत कोठे पडते ते पाहावे. यंत्राचा पट्टा मधोमध उंच आणि दोन्ही कडांकडे सारखा उतरता असेल, तर एका बाजूच्या निम्म्याच्या जागेपासून दुसऱ्या बाजूच्या निम्म्याच्या जागेपर्यंतचे अंतर हे दोन फेऱ्यांमधील अंतर समजावे. मग एकीची विरळ कड दुसरीच्या विरळ कडेवर पडून बेरीज पूर्ण होते. खत बदलले की चाचणी पुन्हा करावी. या कामाला अर्धा दिवस आणि एक तराजू पुरतो. मोठ्यातली मोठी चूक बहुतेक वेळा येथेच सापडते.

तर मग महागड्या यंत्राला आपल्याकडे जागाच नाही काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. वर काढलेल्या हिशेबात एका यंत्राला १०० हेक्टर लागतात असे दिसले. एका धन्याकडे ते नाहीत, पण एका गावाकडे ते सहज असतात. येथे बडोद्याचा एक जुना धडा उपयोगी पडण्याजोगा आहे. १८८९ साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. देशातील सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर १५ वर्षांनी, १९०४ साली आला. सहकाराच्या आरंभीच्या प्रयत्नांत या मंडळीचे नाव अग्रभागी घेतले जाते. एकट्याला न झेपणारी गोष्ट दहा जणांनी मिळून झेलावी, हे तिचे सूत्र होते. तेच सूत्र यंत्राला लावावयाचे आहे. गावच्या सेवा सहकारी मंडळीने वेगाशी धार जुळविणारे एक चांगले यंत्र घ्यावे, ते चालविण्यास एक शिकलेला तरुण नेमावा, आणि हेक्टरी भाडे ठरवून ते फिरवावे. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना सरकारी साहाय्याची योजना आहेच. २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तीही याच विचाराची आहे. भाड्याने देणारा यंत्र नीट राखतो काय, आणि वेळेवर देतो काय, यावर मात्र सारे अवलंबून राहील. वापशाचे चार दिवस सगळ्या गावाला एकदमच येतात. त्या चार दिवसांत यंत्र दाराशी आले नाही, तर शेतकरी पुन्हा घमेले उचलील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

सारांश, खर्चाचा क्रम असा लावावा. प्रथम मातीची तपासणी, मग खत फोकण्याऐवजी पेरून देणे, मग हप्ते आणि त्यांची वेळ, मग आहे त्या यंत्राची पाट्यांची चाचणी. एवढे झाल्यावर वेगाशी धार जुळविणारे यंत्र भाड्याने किंवा मंडळीमार्फत घ्यावे. पावलापावलाला मात्रा बदलणारी यंत्रे सलग मोठ्या क्षेत्रांसाठी, बियाणे-प्रक्षेत्रांसाठी आणि कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांसाठी राखावीत. तेथे ती आपली किंमत सिद्ध करतील, आणि पुढेमागे स्वस्त होऊन आपल्या शिवारातही येतील. तोपर्यंत ज्याने मातीचे कार्ड वाचून दोन पिशव्यांऐवजी दीड पिशवी टाकली, आणि ती योग्य दिवशी मातीआड केली, त्याने काटेकोर शेतीचा मोठा भाग साधला असे म्हणावयास हरकत नाही. उरलेल्या भागाचा खर्च त्या बचतीचे लाभधारक असणाऱ्या सर्वांनी वाटून घ्यावा, आणि त्या सर्वांत शेतकऱ्याइतकेच आपण, नळाचे आणि विहिरीचे पाणी पिणारे लोकही, आलो.